व्हीएम दुसऱ्या पीसीवर नेलं की दर वेळी लायसन्स उडतं, नेमकं काय बघायचं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून जुने पीसी काढून नवीन घ्यायचं जे चाललंय त्यात एक प्रश्न सारखा येतोय. आमचं जुनं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे पीसीच्या आत चालणारा नकली पीसी) होतं, अख्खं फोल्डर नवीन पीसीवर कॉपी केलं, व्हीएम चालू पण झालं, पण आतलं सॉफ्टवेअर म्हणतंय लायसन्स नाही. काहींचं तर विंडोजच "ॲक्टिव्हेट करा" असं कोपऱ्यात लिहून बसलंय. आणि सगळ्यात वैताग कोणाचा, तर ज्यांनी एकदा व्हेंडरला फोन करून, विनवण्या करून चालू करून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

व्हीएम म्हणजे शेवटी एक फाइल, ती कुठेही नेली तरी आतल्या सॉफ्टवेअरला काय कळणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. कळतं की. आतलं सॉफ्टवेअर मशीनला काही नंबर विचारतं: बायोसचा यूयूआयडी, नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, डिस्कचा सिरीयल, सी ड्राइव्हचा व्हॉल्यूम सिरीयल, सीपीयूचं नाव, हल्ली टीपीएम (सिक्युरिटीची चिप) पण. यूयूआयडी म्हणजे गाडीचा चेसिस नंबर समजा, गाडी पुण्याहून नागपूरला नेली म्हणून तो बदलत नाही, पण व्हीएमचं सॉफ्टवेअर मात्र नवीन गावात गाडी आली की स्वतःच नवीन नंबर ठोकून देतं, कारण त्याला वाटतं ही दुसरी गाडी आहे. सगळा घोळ इथे आहे. लायसन्स "उडत" वगैरे नाही, यातला एखादा नंबर बदललेला असतो, आणि तो कुठला हे शोधलं की निम्मं काम झालं.

एक आधीच सांगतो, हे सगळं एकच व्हीएम हलवण्याबद्दल आहे. एका लायसन्सवर जुन्या पीसीवर पण चालू आणि नव्यावर पण चालू असं करायचं असेल तर ती दुसरी कॉपी झाली, त्यासाठी दुसरं लायसन्स लागतं. शिवाय दोन व्हीएम एकच मॅक घेऊन एका नेटवर्कवर उभी राहिली तर नेटवर्क पण गंडतं, कधी हे दिसतं कधी ते, आणि मग तुम्ही राउटरला शिव्या देत बसता.

लायसन्स-की टाकायच्या आधी नंबर लिहून काढा

लायसन्सचा मेसेज दिसला की लोक पहिलं काय करतात तर सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करून परत टाकतात. प्लीज नका करू. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ॲक्टिव्हेशनची संख्या ठरलेली असते, रीइन्स्टॉल करून की टाकली की त्यातलं एक जातं, आणि आधीच्या ॲक्टिव्हेशनची नोंद आत कुठेतरी होती ती पण पुसली जाते, म्हणजे जे दुरुस्त होण्यासारखं होतं ते पण गेलं.

जुना पीसी अजून चालू होत असेल तर नशीबवान आहात. नव्या पीसीवरचं व्हीएम पूर्ण बंद करा, जुन्यावर चालू करा आणि आतून नंबर घ्या (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं). विंडोज असेल तर पॉवरशेलमध्ये गेट-सिमइन्स्टन्स विन३२_कॉम्प्युटरसिस्टमप्रॉडक्ट, त्यात यूयूआयडी दिसतो. एकदम जुन्या विंडोजवर डब्ल्यूएमआयसी सीएसप्रॉडक्ट गेट यूयूआयडी, पण विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये डब्ल्यूएमआयसी आपोआप येत नाही म्हणून पॉवरशेलचीच सवय लावा. मॅकसाठी गेटमॅक स्लॅश व्ही, व्हॉल्यूम सिरीयलसाठी व्हॉल सी कोलन. लिनक्स असेल तर रूट होऊन डीएमआयडीकोड -एस सिस्टम-यूयूआयडी, आणि मॅकसाठी आयपी लिंक. हेच नव्या पीसीवर घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. बहुतेक वेळा एका नजरेत दिसतं की मॅक बदललाय, नाहीतर यूयूआयडी, नाहीतर दोन्ही.

जुना पीसी भंगारात गेला असेल तरी सगळं संपलं नाही, जुने नंबर कॉपी केलेल्या फोल्डरमध्ये सापडू शकतात. व्हीएमवेअरच्या फोल्डरमध्ये व्हीएमवेअर डॉट लॉग आणि त्याच्या जुन्या आवृत्त्या, नावात ०, १, २ असलेल्या, पडलेल्या असतात, त्या नोटपॅडमध्ये उघडून यूयूआयडी डॉट बायोस शोधा, व्हीएम चालू होताना सगळी सेटिंग तो लॉगमध्ये ओकतो त्यामुळे जुना आकडा आणि जुना मॅक दोन्ही मिळतात. पण ही लॉग मोजकीच ठेवली जातात, दर वेळी चालू केलं की सगळ्यात जुनी जाते, म्हणून "बघू परत एकदा चालू होतंय का" करत बसू नका, आधी अख्खं फोल्डर बाजूला कॉपी करून ठेवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डॉट व्हीबॉक्स फाइलच्या शेजारी तिचीच डॉट व्हीबॉक्स-प्रिव्ह नावाची आधीची आवृत्ती असते, त्यात बघा.

व्हीएमवेअर: तो एक प्रश्न

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये हलवलेलं व्हीएम पहिल्यांदा चालू केलं की तो विचारतो, तुम्ही हे हलवलंय का कॉपी केलंय? आणि सगळे खरं उत्तर देतात. फाइल कॉपी-पेस्ट केली ना, मग "आय कॉपिड इट" दाबतात, शिवाय ते बटण आधीच निवडलेलं असतं म्हणजे नुसतं एंटर मारलं तरी तेच. त्याचा अर्थ व्हीएमवेअरच्या भाषेत असा की हे नवीन मशीन आहे, नवीन यूयूआयडी द्या, नवीन मॅक द्या. झालं, लायसन्स गेलं. तुम्ही फाइल कशी नेली याच्याशी त्या प्रश्नाचं काही देणंघेणं नाही, जुनं व्हीएम यापुढे चालणार नसेल तर उत्तर कायम "आय मूव्हड इट".

चुकीचं दाबलं गेलं असेल तर व्हीएम शट डाउन करा, सस्पेंड नाही, आणि वर्कस्टेशन पण बंद करा. डॉट व्हीएमएक्स फाइलची एक कॉपी काढून ठेवा आणि मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडा. त्यात यूयूआयडी डॉट बायोस आणि इथरनेट० डॉट जनरेटेडॲड्रेस या दोन ओळी आहेत, त्यात जुने आकडे घाला, म्हणजे लॉगमधून काढलेले. मग यूयूआयडी डॉट ॲक्शन बरोबर "कीप" अशी एक ओळ जोडा, म्हणजे पुढच्या वेळी तो विचारणारच नाही, आहे तोच नंबर ठेवेल. जे लोक व्हीएम एक्स्टर्नल एसएसडीवर ठेवून घरी आणि ऑफिसात फिरवतात त्यांनी तर ही ओळ पहिल्या दिवशीच टाकायला हवी, कारण व्हीएमवेअर फोल्डरचा पाथ आणि होस्ट (ज्यावर व्हीएम चालतं तो खरा पीसी) यांच्यावरून यूयूआयडी डॉट लोकेशन बनवतो, त्यातलं काहीही बदललं, अगदी एसएसडीचं ड्राइव्ह लेटर ई चं एफ झालं, तरी प्रश्न परत येतो आणि घाईत कोणीतरी एंटर मारतं.

अजून एक छुपी भानगड. नवीन वर्कस्टेशनवर उघडलं की हार्डवेअर व्हर्जन अपग्रेड करायचं का असं दिसतं, चांगली गोष्ट वाटते म्हणून लोक करतात. व्हर्जन १३ पासून पुढे आत दिसणाऱ्या यूयूआयडीची मांडणी बदलते, आकडा तोच पण पहिल्या तीन गटांतली अक्षरं उलटसुलट दिसतात. तुम्ही व्हीएमएक्स बघता तर सगळं बरोबर, आणि आतलं सॉफ्टवेअर म्हणतं नंबर वेगळा. लायसन्सवालं व्हीएम असेल तर अपग्रेडच्या नादी लागू नका, जुनं व्हर्जन नव्या वर्कस्टेशनवर चालतं की.

व्हर्च्युअलबॉक्स

इथे विचारतच नाही कोणी, आणि म्हणून लोक जास्त फसतात. ओव्हीए (अख्खं व्हीएम बांधलेली एक फाइल) एक्स्पोर्ट करायचं, तिकडे इम्पोर्ट करायचं, हा रस्ता सगळे सांगतात, पण इम्पोर्ट म्हणजे नवीन मशीन बनवणं. मॅकचं काय करायचं हे इम्पोर्टच्या स्क्रीनवर खाली एका ड्रॉपडाउनमध्ये असतं, "इन्क्लूड ऑल नेटवर्क ॲडॉप्टर मॅक ॲड्रेसेस" निवडलं नाही तर ब्रिज केलेल्या कार्डाला नवीन मॅक मिळतो. आणि सगळे मॅक ठेवले तरी मशीनचा यूयूआयडी नवीन होतो, आतल्या सॉफ्टवेअरला बायोसचा म्हणून तोच दिसतो.

साधा रस्ता असा की व्हीएम शट डाउन करा, सेव्ह स्टेट करून नेऊ नका (सेव्ह स्टेट जुन्या सीपीयूला बांधलेली असते, नव्या पीसीवर बऱ्याचदा उघडत पण नाही), अख्खं फोल्डर उचलून न्या, डॉट व्हीबॉक्स, डॉट व्हीडीआय, डॉट एनव्हीरॅम असेल तर ती पण, सगळं, आणि तिकडे मशीन मेनूत "ॲड" करून ती डॉट व्हीबॉक्स फाइल दाखवा. नंबर जसेच्या तसे राहतात. इतकंच. व्हीडीआय एकटी नेऊन तिकडे "नवीन मशीन बनवा, ही डिस्क लावा" करणारे बरेच भेटतात, त्यात डिस्क सोडून बाकी सगळंच नवीन होतं.

ते ऑलरेडी करून बसला असाल तर मॅक सेटिंगमध्ये नेटवर्क, ॲडव्हान्स्डमध्ये हाताने टाकता येतो, व्हर्च्युअलबॉक्सचे मॅक ०८००२७ ने सुरू होतात. यूयूआयडीसाठी व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम, मग व्हीएमचं नाव, मग हार्डवेअर-यूयूआयडी आणि जुना आकडा. जुन्या व्हर्जनमध्ये हार्डवेअरयूयूआयडी मध्ये डॅश नव्हता, एक चाललं नाही तर दुसरं टाकून बघा.

डिस्कचा सिरीयल विसरू नका. व्हर्च्युअलबॉक्स डिस्कचा सिरीयल त्या व्हीडीआयच्या यूयूआयडीवरूनच बनवतो, व्हीबी अक्षरं आणि पुढे यूयूआयडीची सुरुवातीची आणि शेवटची आठ-आठ अक्षरं. म्हणजे डिस्क क्लोन केली, किंवा व्हीडीआयची व्हीएमडीके केली, किंवा "साइझ कमी करायला" नवीन डिस्कवर घेतली, की सिरीयल बदलला. मॅक आणि यूयूआयडी दोन्ही जुळतात तरी लायसन्स बसत नाही अशा केसमध्ये मी पहिलं हेच विचारतो, डिस्कला काय केलंत?

हायपर-व्ही: नेल्यावर चालतं, रीस्टार्ट केल्यावर जातं

"एकदा दुरुस्त झालं, परत गेलं" या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार हा. चाकणच्या बाजूला डाय बनवणाऱ्या एका छोट्या शॉपमध्ये हेच चाललेलं, त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर व्हीएममध्ये, दोन सर्व्हर, एकावर काम काढलं की व्हीएम चालू स्थितीतच दुसऱ्यावर ढकलायचे. ढकलल्यावर सगळं छान चालायचं. मग कधीतरी अपडेट येऊन व्हीएम रीस्टार्ट झालं की सकाळी लायसन्स नाही. व्हेंडरनं नवीन लायसन्स फाइल दिली, चाललं, मग मूळ सर्व्हरवर परत आणलं, रीस्टार्ट, परत गेलं. तिथे सगळ्यांची खात्री होती की अपडेटच काहीतरी बिघडवतंय, आणि अपडेट बंद करून ठेवलेले, ते वेगळंच दुखणं.

अपडेटचा काही संबंध नव्हता. हायपर-व्हीमध्ये मॅक बाय डिफॉल्ट डायनॅमिक असतो. प्रत्येक होस्टकडे स्वतःचा २५६ मॅकचा साठा असतो, ००-१५-५डी ने सुरू होणारा आणि मधले दोन आकडे त्या होस्टच्या आयपीवरून आलेले. चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर गेलं की चालू असेपर्यंत जुनाच मॅक वापरतं, पण बंद होऊन चालू झालं की नवीन होस्ट आपल्या साठ्यातला देतो. म्हणून ढकलल्या दिवशी काही होत नाही आणि रीस्टार्टच्या दिवशी होतं, आणि दोन्हीत इतके दिवस जातात की कोणी जोडत नाही. उपाय एका मिनिटाचा, व्हीएम बंद करून सेटिंगमध्ये नेटवर्क ॲडॉप्टर, ॲडव्हान्स्ड फीचर्स, तिथे स्टॅटिक निवडा आणि लायसन्समध्ये असलेला मॅक टाका. परत हलवा, रीस्टार्ट करा, राहतो.

इम्पोर्टचं पण बघा. रजिस्टर, रिस्टोअर आणि कॉपी असे तीन पर्याय येतात, कॉपीमध्ये नवीन युनिक आयडी होतो, हलवताना पहिल्या दोनपैकीच घ्या. आणि व्हीएममध्ये व्हर्च्युअल टीपीएम चालू केला असेल तर ते दुसऱ्या होस्टवर चालूच होणार नाही, जोवर जुन्या होस्टवरची शील्डेड व्हीएमची दोन सर्टिफिकेटं, एन्क्रिप्शनचं आणि सायनिंगचं, एक्स्पोर्ट करून नव्यावर घालत नाही. जुना होस्ट फॉरमॅट करायच्या आधी हे करा. नंतर काही उपयोग नाही.

प्रॉक्समॉक्सवाल्यांसाठी थोडक्यात: बॅकअप रिस्टोअर करताना "युनिक" ला टिक केली की मॅक बदलतात, टिक काढा. लिबव्हर्टवर व्हर्श डंपएक्सएमएल काढून तीच फाइल तिकडे डिफाइन करा, व्हर्ट-क्लोन वापरू नका, तो नंबर बदलण्यासाठीच आहे. आणि आत सेंटओएस ६ सारखं जुनं लिनक्स असेल तर मॅक बदलल्यावर कार्डाचं नाव ईटीएच० चं ईटीएच१ होतं, कारण युडेव्हच्या ७०-पर्सिस्टंट-नेट डॉट रूल्स फाइलमध्ये जुना मॅक लिहिलेला असतो, आणि काही लायसन्स फक्त ईटीएच० च बघतात. मॅक दुरुस्त केल्यावर ती फाइल उडवून रीबूट करा.

सगळे नंबर जुळतात तरी बसत नाही

मग सीपीयू. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन, हायपर-व्ही, सगळेच आतल्या मशीनला होस्टच्या खऱ्या प्रोसेसरचं नाव दाखवतात. जुना पीसी इंटेलचा, नवा रायझनचा, आत पण रायझन दिसणार, आणि तुम्ही व्हीएमएक्समध्ये यूयूआयडी, मॅक जुळवले तरी त्यानं फरक पडत नाही. सेंटिनेलसारखी लायसन्स सिस्टम व्हीएममध्ये मॅक, यूयूआयडी आणि सीपीयूची वैशिष्ट्यं अशा तिन्हींवर बघू शकते, एक जरी बदललं तरी क्लोन झालं समजून कुलूप. आतल्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन १९४७ उघडलं तर सेंटिनेलच्या कीची स्थिती दिसते, तिथे क्लोन म्हणून आलं असेल तर खटपट थांबवा आणि व्हेंडरकडे रीहोस्ट (लायसन्स नव्या मशीनला बांधून देणं) मागा.

एका हायपरव्हायझरवरून (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) दुसऱ्यावर नेताना पण हेच, व्हीएमवेअरवरून व्हर्च्युअलबॉक्सला आणलं तर आतल्या मशीनचा उत्पादकच व्हीएमवेअरचा इनोटेक होतो. तिथे नंबर जुळवत बसण्यापेक्षा सरळ नवीन मशीन समजून लायसन्स ट्रान्सफर करा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून वर्कस्टेशन प्रो सगळ्यांना फुकट झाल्यावर बरेच जण इकडून तिकडे गेले, फुकट आहे म्हणून आतलं लायसन्स पण निस्तरलं जाईल असं नाही.

आणि जे दोन वेगवेगळ्या सीपीयूच्या मशीनवर एसएसडी घेऊन ये-जा करतात त्यांना माझं स्पष्ट मत, हे बंद करा. व्हीएम एका पीसीवर ठेवा आणि घरून रिमोटनं त्या पीसीत जा. फक्त व्हीएमच्या आतल्या विंडोजमध्ये थेट आरडीपी (विंडोजचं रिमोट डेस्कटॉप) केलं तर काही फ्लेक्सनेट (सेंटिनेलसारखीच एक लायसन्स सिस्टम) लायसन्स -१०३ एरर देऊन नकार देतात, टर्मिनल सर्व्हरवरून चालत नाही म्हणून. त्यांच्या अटीत रिमोट वापर बसतो का ते विचारून घ्या, नसेल बसत तर फ्लोटिंग लायसन्स (एका मशीनला न बांधलेलं, सर्व्हरवरून मिळणारं) मागा.

विंडोज स्वतःच ॲक्टिव्हेशन मागत असेल

आत कमांड प्रॉम्प्टवर एसएलएमजीआर स्लॅश डीएलव्ही चालवा आणि चॅनल काय लिहिलंय ते वाचा. ओईएम असेल तर विषय संपला, ते विंडोज ज्या लॅपटॉपबरोबर आलं त्याचंच, त्याची इमेज काढून व्हीएममध्ये चालवली तर ॲक्टिव्हेट न होणं हे बिघाड नाही. रिटेल असेल तर नेता येतं. एरर कोडच्या शेवटी एफ२११ असेल म्हणजे हार्डवेअर बदलल्याचं त्यानं पकडलंय, तेव्हा सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशन, ट्रबलशूट, आणि "हार्डवेअर नुकतंच बदललंय" हा पर्याय, पण त्यासाठी हलवायच्या आधीच ते लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं हवं. शेवटी सी००८ म्हणजे त्या कीची ॲक्टिव्हेशन संपली.

मोठ्या ऑफिसात एफ०७४ दिसलं तर व्हीएमचा काही दोष नाही, ते केएमएस सर्व्हरपर्यंत (ऑफिसातली सगळी विंडोज ॲक्टिव्हेट करणारा सर्व्हर) पोचत नाहीये, नवीन पीसीवर नेटवर्क नॅट ठेवलंय का, डीएनएस बाहेरचा आहे का, पोर्ट १६८८ बंद आहे का, एवढंच. ऑफिसात चाललेलं व्हीएम घरी नेलं की हे लगेच दिसत नाही कारण केएमएसचं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं, मग एक दिवस अचानक. आणि सर्व्हर एडिशन डेटासेंटर होस्टच्या जिवावर आपोआप ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर साध्या होस्टवर ते होणार नाही, स्वतःची की लागेल.

ऑफिस ८००९००१६ दाखवत असेल, टीपीएम बिघडलाय वगैरे, तर टीपीएमची माहिती मागे राहिलीय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती त्या एनव्हीरॅम फाइलमध्ये, म्हणून वर म्हटलं अख्खं फोल्डर न्या. एसएलएमजीआर स्लॅश रीआर्म मारून यातलं काहीच सुटत नाही, उलट मूळ स्थिती पुसली जाते. आणि नेटवरचे "ॲक्टिव्हेटर" उतरवून तुम्ही लायसन्स नाही, व्हायरस बसवताय.

फ्लेक्सनेट, डोंगल, टॅली

फ्लेक्सनेटमध्ये आकडा वाचा, सगळं त्यात आहे. -९ म्हणजे होस्टआयडी (लायसन्स मशीनच्या ज्या नंबरला बांधलंय तो, बहुतेक वेळा मॅक) जुळत नाही, मॅक दुरुस्त करा नाहीतर नवीन फाइल मागवा. -९६ किंवा -१५ म्हणजे होस्टआयडीचा प्रश्नच नाही, सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये, नवीन पीसीवर व्हीएमचं नाव किंवा आयपी बदललंय. लायसन्स फाइलच्या सर्व्हर ओळीतलं नाव आणि पोर्ट तुम्ही स्वतः बदलू शकता, होस्टआयडीला हात लावला तर फाइल रद्द. फायरवॉलमध्ये २७००० ते २७००९ उघडलं तरी चालत नसेल तर व्हेंडर डीमन (सर्व्हरवरचा व्हेंडरचा स्वतःचा प्रोग्रॅम) दर वेळी वेगळा पोर्ट घेतोय, व्हेंडर ओळीत पोर्ट पक्का करा. -८८ म्हणजे घड्याळ मागे गेलंय, नवीन पीसीची तारीख आधी नीट करा. जुना स्नॅपशॉट (व्हीएमची आधी जपून ठेवलेली स्थिती) लावून पण घड्याळाचा घोळ होतो, आणि लायसन्स परत केल्यानंतर त्याआधीचा स्नॅपशॉट लावला तर सिस्टमला ते फसवणूकच वाटतं.

यूएसबी डोंगल (लायसन्स ज्यात असतं ती यूएसबी काडी) असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी फिल्टरमध्ये जुन्या पीसीवरची पोर्ट, रिव्हिजन असे रकाने भरलेले असतात, फक्त व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी ठेवून बाकी रिकामे करा. होस्ट लिनक्स असेल तर युजर व्हीबॉक्सयूझर्स ग्रुपमध्ये हवा. ७.० च्या आधीच्या व्हर्जनला यूएसबी २ आणि ३ साठी एक्स्टेन्शन पॅक लागतो, नवीन पीसीवर तोच टाकायचा राहिलेला असतो. हायपर-व्हीवर डोंगल थेट आत देता येत नाही, तिथे नेटवर्कवरून यूएसबी देणारं काहीतरी घ्यावं लागतं.

टॅलीचं जुनं व्हीएम बऱ्याच सीएंकडे १ जुलै २०१७ च्या आधीच्या, म्हणजे व्हॅटच्या डेटासाठी पडून आहे. तिथे नियम सोपा, हलवायच्या आधी जुन्यावर लायसन्स सरेंडर करा, नव्यावर परत ॲक्टिव्हेट करा. जुना पीसी मेला असेल तर सरेंडर कुठून करणार, मग सिरीयल नंबर हाताशी घेऊन सपोर्टला फोन.

व्हेंडरला लिहिताना

"लायसन्स चालत नाही, अर्जंट" एवढंच पाठवलं तर पहिले दोन दिवस प्रश्नोत्तरात जातात. सिरीयल नंबर, जुना आणि नवा होस्टआयडी दोन्ही, एरर आकड्यासकट, कुठल्या हायपरव्हायझरवर आहे, आणि जुनं व्हीएम कायमचं बंद केलंय ही ओळ. ही ओळ नसेल तर ते तिथेच अडवतात. नवीन मॅक कळवायच्या आधी तो स्टॅटिक केलाय का ते बघा, नाहीतर नवीन फाइल येईपर्यंत तो परत बदललेला असेल. नवीन फाइल आली की जुनी त्या फोल्डरमधून काढून टाका आणि एलएम_लायसन्स_फाइल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पण तपासा, त्यात जुना पाथ राहिला तर सॉफ्टवेअर आधी जुनीच फाइल वाचतं आणि परत -९ दाखवतं.